ग्रँडफादर घड्याळांची खरेदी व संग्रह

ग्रँडफादर घड्याळ हे जमिनीवर उभे राहणारे, उंच लाकडी पेटीतील, वजने व लंबक यांवर चालणारे यांत्रिक घड्याळ होय. जाणकार त्याला लाँगकेस घड्याळ म्हणतात. ‘ग्रँडफादर’ हे नाव अमेरिकन गीतकार हेन्री क्ले वर्क यांच्या १८७६ मधील ‘माय ग्रँडफादर्स क्लॉक’ या गीतामुळे रूढ झाले. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्ये तयार झालेल्या अशा घड्याळांचा संग्रह केला जातो. त्यांचे मूल्य ठरवताना यंत्र, तबकडी व पेटी हे तिन्ही भाग मुळापासून एकत्र आहेत काय, हा प्रश्न विशेष महत्त्वाचा असतो.

उगम व रचना

डच शास्त्रज्ञ ख्रिस्तीआन हायगेन्झ यांनी १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. आरंभीच्या यंत्रांत लंबकाचा झोका फार मोठा असल्याने तो आखूड ठेवावा लागे. १६७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये अँकर एस्केपमेंट प्रचारात आली. एस्केपमेंट म्हणजे दंतचक्राला एका वेळी एकच दाता पुढे सरकू देणारी आणि त्याच वेळी लंबकाला किंचित रेटा देणारी योजना होय. अँकर प्रकारामुळे झोका थोड्या अंशांपुरता मर्यादित झाला आणि प्रत्येक झोक्यास एक सेकंद घेणारा, सुमारे एक मीटर लांबीचा लंबक अरुंद पेटीत मावू लागला.

ही घड्याळे मुख्यतः दोन प्रकारची असतात. आठ दिवस चालणाऱ्या घड्याळात बहुधा दोन वजने असतात. एक काट्यांसाठी व दुसरे ठोक्यांसाठी. त्यांच्या तबकडीवर किल्लीसाठी दोन भोके असतात. तीस तास चालणाऱ्या घड्याळात सहसा एकच वजन असून ते साखळी किंवा दोरी ओढून रोज वर घ्यावे लागते.

काळाची ओळख

आरंभीच्या तबकड्या पितळी होत्या. १७७२ मध्ये बर्मिंगहॅम येथील ऑस्बर्न व विल्सन यांनी रंगवलेल्या तबकड्यांची जाहिरात केली. त्यानंतर पितळी तबकड्या हळूहळू मागे पडल्या. पेट्यांसाठी ओक, अक्रोड व महोगनी ही लाकडे वापरली जात. तबकडीवरील नाव नेहमीच प्रत्यक्ष कारागिराचे असते असे नाही. अनेकदा ते विक्रेत्याचे असते. शिवाय पुसट झालेले नाव नंतर पुन्हा रंगवलेले असू शकते. त्यामुळे केवळ नावावरून घड्याळाची पारख करता येत नाही.

जुळवलेली घड्याळे

यंत्र घड्याळजी तयार करी, तर पेटी सुतार. ओलसर जमिनीवर उभी असलेली पेटी कुजे किंवा किडीने पोखरली जाई, पण पितळी यंत्र टिके. असे यंत्र पुढे दुसऱ्या पेटीत बसवले जाई. पुराणवस्तूंच्या व्यापारात अशा जोडणीला ‘मॅरेज’, म्हणजे विवाह, असे म्हणतात. असे घड्याळ वेळ अचूक दाखवू शकते. परंतु ते अस्सल म्हणून विकले गेल्यास खरेदीदाराची फसवणूक होते.

तपासणीसाठी पेटीचा वरचा भाग उतरवतात. यंत्र ज्या फळीवर बसते तिच्यात जास्तीची किंवा बुजवलेली भोके असणे, फळीखाली उंची वाढवण्यासाठी लाकडाचे तुकडे ठोकलेले असणे, तबकडी व दरवाजाची चौकट यांत फट राहणे किंवा तबकडीची कड चौकटीआड झाकली जाणे, ही संशयाची लक्षणे होत. मात्र फळी झिजल्यामुळे प्रामाणिक दुरुस्तीतही बदललेली असू शकते. म्हणून एकाच खुणेवरून निष्कर्ष काढत नाहीत. बुटक्या छताच्या घरात मावावे म्हणून पेटीचा तळ कापलेला आहे काय, हेही पाहिले जाते.

वाहतूक व जतन

घड्याळ हलवण्यापूर्वी वजने व लंबक काढून ठेवतात. लंबक तसाच राहिल्यास तो ज्या पातळ पोलादी पट्टीला टांगलेला असतो ती मोडू शकते. पेटी डळमळीत असल्यास लंबकाच्या पातळीवर उतरलेली वजनेही झुलू लागतात व घड्याळ बंद पडू शकते. म्हणून पेटी भिंतीला पक्की करतात. लंबकाच्या गोळ्याखालची चाकी फिरवून गोळा वर घेतल्यास घड्याळ जलद चालते, खाली सोडल्यास मंद. जुनी भोके बुजवणे किंवा लाकूड खरवडून नवे रोगण देणे संग्राहक टाळतात, कारण त्यामुळे घड्याळाचा इतिहास सांगणाऱ्या खुणा नष्ट होतात.