माशी मेली नाही, म्हणून औषध निर्धोक?

नवेगाव बांधच्या शिवारात मुख्य पीक धान, आणि धानाला फळायला मधमाशी लागत नाही. इथवर बरोबर. ‘मग बांधीत काय फवारलं त्याच्याशी माशीचा काय संबंध?’ हा पुढचा प्रश्न मात्र चुकीचा. धानाच्या फुलात मध नसला तरी पराग असतो आणि सकाळी लोंब्या फुलल्या की माश्या तो वेचतात. शिवाय धुऱ्यावर तूर असते. तुडतुड्यांसाठी मारलेलं औषध वाऱ्याने तिच्या पिवळ्या फुलांवर बसतं. शेजारच्या अभयारण्यातली आग्यामाशीही त्या फुलांवर येते; ती काही हद्द पाळत नाही.

माश्यांचा सडा पडला नाही म्हणजे औषध सौम्य, हाही समज खोटा. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये माश्यांच्या पाठीवर बारीक चिप चिकटवून त्यांना थायामेथॉक्झाम या कीटकनाशकाची लगेच न मारणारी मात्रा दिली. त्यांतल्या कितीतरी पोळ्याकडे परतल्याच नाहीत. वाट चुकलेली माशी पोळ्याखाली मरून पडलेली दिसणार कशी?

खरा घोळ माशीच्या पोटातल्या जिवाणूंबद्दल आहे. जंतू म्हणजे रोग, हे आपल्या डोक्यात पक्कं. कामकरी माशीच्या आतड्यातले मोजक्या जातींचे जिवाणू मात्र पराग पचवायला आणि रोगजंतू थोपवायला तिच्या कामी येतात. कोषातून निघते तेव्हा तिच्याकडे ते जवळपास नसतातच; पहिल्या काही दिवसांत पोळ्यातल्या इतर माश्यांकडून मिळतात.

कीटकनाशक या जिवाणूंना मारतं का? सरसकट नाही. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांचे २०१८ चे दोन अभ्यास पाहा. इमिडाक्लोप्रिडने माश्या जास्त मेल्या, जिवाणूंत मात्र फारसा फरक पडला नाही. जिवाणू घटले ते ग्लायफोसेटने, म्हणजे ‘तणाचं औषध, माशीला काय होणार’ म्हणून आपण सोडून देतो त्याने. आणि अशा माश्या रोगजंतूंपुढे लवकर मेल्या. ग्लायफोसेट ज्या विकरावर घाव घालतं ते माशीत नसतं, पण तिच्या पोटातल्या बऱ्याच जिवाणूंत असतं. हे प्रयोग पेटीतल्या मेलिफेरा माशीवरचे. आपल्याकडच्या आग्या-सातेरी माश्यांना ते आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

संध्याकाळी फवारलं की झालं? थेट अंगावर पडणारा फवारा चुकतो, एवढंच. आंतरप्रवाही औषध झाडात भिनून पराग-मधात उतरतं.

तेव्हा पंप उचलण्याआधी धानाचा बुंधा हलवून पाहा. चुडामागे ५ ते १० तुडतुडे नसतील, तर फवारू नका.