जबड्याची शस्त्रक्रिया व अस्थिभंग

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसरे सरफोजी राजे (१७७७-१८३२) यांच्या काळातील नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी आहेत. उपचार करणाऱ्याने रोग्याची बारकाईने पाहणी करावी, हा त्यांतील धडा जबड्याच्या शस्त्रक्रियेसही लागू पडतो.

खालचा जबडा फार पुढे वा मागे असल्यास दोन्ही बाजूंचे हाड लांबीने दुभागून सरकवितात व स्क्रूंनी जखडतात. ही पद्धती १९५७ मध्ये वर्णिली गेली. हाड पातळ असले, अक्कलदाढ आत रुतलेली असली किंवा खालच्या कडेचा छेद अपुरा राहिला, तर हाड भलत्याच जागी तडकू शकते. हाड जुळून येण्यापूर्वी कठीण पदार्थ चावल्यासही अस्थिभंगाची भीती असते. यास्तव शस्त्रक्रियेपूर्वी क्ष-किरण तपासणी आणि नंतर काही आठवडे मऊ आहार, ही दोन्ही पथ्ये अगत्याची होत.