कोहळ्याची गिऱ्हाइकं

अष्टमीची सकाळ. मंडईच्या चारी बाजूंना झेंडूचे ढीग पडलेत, पाय टाकायला जागा नाही. आपट्याच्या फांद्यांचे भारे अंगाला घासतात, मागून रिक्षावाला हॉर्न सोडत नाही. दगडी इमारतीत शिरल्यावर कुठे जरा गारवा लागतो. तिच्या आठ शाखांपैकी एकीत, ओट्यावर मांडी घालून बसलेल्या मावशींपुढे दहा-पंधरा कोहळे आडवे टाकलेत. शेजारच्याच पाटीत आवळे. म्हणीसाठी मुद्दाम मांडल्यासारखे.

मी एकावर बोट फिरवते. पांढरी भुकटी बोटाला लागते आणि खाली हिरवी रेघ उमटते.

"पुसू नका ताई," मावशी म्हणतात. "ती राख हाय तोवर माल टिकतो. पुसला की आठ दिवसांत मऊ पडंल."

कोवळ्या कोहळ्यावर लव असते. तो जून झाला की लव झडते आणि हा मेणासारखा थर चढतो. वडीला असाच जून लागतो. बिया कडक झालेल्या, गर घट्ट, आणि टिचकी मारली की आवाज भरीव. मी दोन-तीन ठोकून बघते. मावशी हसतात, पण थांबवत नाहीत.

माझ्या आधी तीन गिऱ्हाइकं उभी आहेत. पहिला गॅरेजवाला. उद्या खंडेनवमी, त्याला पाच हवेत. "बारकेच द्या, फोडायचेच आहेत." दुसरं एक तरुण जोडपं, नव्या फ्लॅटची वास्तुशांत असलेलं. त्यांना देठ शाबूत हवा, गुरुजींनी बजावलंय; दाराला टांगायचा आहे. तिसरे गृहस्थ पायात धावायचे बूट घालून आलेत. ते बोलत नाहीत, मोठ्यातला मोठा उचलून थेट काट्यावर ठेवतात. रोज सकाळी रस पितात म्हणे.

"दसरा झाला की ह्ये दोघं पुढच्या अमावस्येपर्यंत दिसायचे नाहीत," मावशी पहिल्या दोघांकडे हनुवटी करतात. "बूटवाले मात्र बारमाही."

कोहळा विकला जातो तो असा. कुणी फोडायला नेतो, कुणी दृष्टीसाठी टांगायला, कुणी पिळून प्यायला. खायला नेणारं माणूस ढिगापुढे उभं राहिलं की मावशींनाही जरा नवल वाटतं. "वड्या?" त्या दोनदा विचारतात. "का सांडगे?" सांडगे आता नाही, ते चैत्र-वैशाखातलं काम. कोहळ्याचा कीस, वाटलेली डाळ, हिरवी मिरची, हिंग कालवून गच्चीवर चादरीवर घालायचे आणि कावळ्यांवर पहारा ठेवायचा. आता गच्च्या सोसायटीच्या झाल्या, त्यामुळे सांडगेही पाकिटातून येतात. त्याचं मला फार दुःख नाही. पाकिटातले बरे असतात. कोहळ्याच्या वड्या मात्र अजून घरच्याच खाव्यात.

एवढ्यात एक माणूस दोन रिकामी पोती खांद्यावर टाकून येतो आणि काही न विचारता कोहळे उलटेपालटे करायला लागतो. हा पेठेवाला. माल एरवी मार्केट यार्डातून घाऊक नेतो, आज तिथं कमी पडला म्हणून इथं आलाय. गाव आग्र्याच्या बाजूचं. बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी, आणि हात अखंड चालू. वाकडा नको, डाग नको, पाच किलोच्या आतला नको. एक उचलतो, कानाशी नेऊन हलवतो, परत ठेवतो. "अंदर से पोला है."

मी पेठ्याचं विचारते, तर तो खुलतो. साल जाड काढायची, मधला बियांचा भुसभुशीत भाग टाकायचा, उरलेल्याच्या फोडी. "फिर गोदना पडता है." प्रत्येक फोड काट्यांनी टोचून काढायची, नाहीतर पाक आत जाणार नाही. मग चुन्याच्या पाण्यात. चुन्यातलं कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला धरतं, त्यामुळे फोड नंतर कितीही उकळली तरी विरघळत नाही, उलट करकरीत होते. हे रसायन तो सांगत नाही, तो नुसती दोन बोटं एकमेकांवर दाबून दाखवतो. पुढे धुणं, चुना राहिला तर जीभ भाजेल. तुरटीच्या पाण्यात उकळणं. शेवटी पाक, तोही आधी पातळ आणि मग चढवत चढवत घट्ट. एकदम घट्ट पाकात टाकलं तर फोडीतलं पाणी झटकन बाहेर पडतं आणि ती सुरकुतून बसते.

"कोळशाची भट्टी?"

"गैस, मॅडम. उधर तो कोयला बंद ही कर दिया."

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातल्या उद्योगांना कोळसा वापरायला मनाई केली. तिची झळ पेठ्याच्या भट्ट्यांपर्यंत पोचली. संगमरवर पिवळा पडतोय म्हणून मिठाईवाल्याची चूल बदलली. आम्ही पुणेकर मात्र पेठ्याला कधी फारसे भुललो नाही. कुणी उत्तरेची सहल करून आलं की चौकोनी खोक्यातून तो घरी येतो, दोन तुकडे जातात, बाकीचं खोकं मुंग्या लागेपर्यंत फ्रीजवर पडून राहतं. त्यातलं फळ म्हणजे आपल्या दाराला टांगलेलंच, हे कित्येकांना ठाऊकही नसतं.

ही इमारत १८८६ ची, तेव्हाचं रे मार्केट. तिच्यावर एवढा पैसा घालण्याला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांचा विरोध होता, तोच पैसा शिक्षणाला द्या असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला नाव लागलं ते फुल्यांचंच. मावशींच्या सासूबाईही याच ओट्यावर बसायच्या.

पेठेवाला सात कोहळे निवडतो. भाव किलोला चाळीस, तो तीस म्हणतो, पस्तीसवर तुटतं. कोहळ्यात शंभरातले शहाण्णव भाग पाणी असतं. म्हणजे तो काट्यावर पाणीच विकत घेतोय, आणि घरी नेऊन त्या पाण्याच्या जागी साखर भरणार आहे.

मला अख्खा नको, अर्धा हवा. मावशी सुरी उचलत नाहीत. बाईमाणसाने अख्ख्या कोहळ्याला पहिली सुरी लावायची नाही, हा संकेत त्या पाळतात.

"लाल भोपळा कापते, सुरण कापते. ह्याला पोरगाच लागतो." त्या गल्लीच्या टोकाला हाक मारतात. पोरगा मोबाइल कानाला तसाच धरून येतो, एका हाताने सुरी रोवतो, मनगटाने दाब देतो. कर्र आवाज होऊन दोन भकलं. आत पांढराशुभ्र गर, काकडीच्या जवळ जाणारा वास, आणि ओट्यावरून माझ्या चपलेवर पाण्याची धार.

"खवा घालणार का नुस्तं तूप-साखर?" मावशी भकल कागदात गुंडाळता गुंडाळता विचारतात.

"तूप-साखरच."

"मग कीस चांगला पिळा, न्हायतर वडी बसायची न्हाई. आन् ते पाणी वतून देऊ नका. बूटवाले त्याचेच पैशे मोजत्यात."