चूक संगणकाची, भरपाई कोणाची?

पनवेल तालुक्यातील कोन परिसरातून मुंबई-पुणे वाहतुकीचा अखंड ओघ वाहतो, आणि त्यातील अनेक नव्या मोटारींत पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी, मार्गिका सांभाळणारी, प्रसंगी स्वतःच ब्रेक लावणारी चालक-साहाय्य प्रणाली असते. चालकांचे रोजगार जातील म्हणून चालकविरहित मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले होते. तथापि रस्ता ओलांडणारा माणूस प्रणालीने ओळखलाच नाही तर भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न आजच्या मोटारींनीच उभा केला आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १६४ नुसार मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मालकाने किंवा विमा कंपनीने द्यावयाचे असतात आणि त्यासाठी कोणाचाही निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. यालाच दोषनिरपेक्ष दायित्व म्हणतात. मात्र मृताचे वय, उत्पन्न आणि अवलंबित पाहून ठरणारी पूर्ण भरपाई कलम १६६ खाली मागायची, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे सामान्यतः चालकाची चूक दाखवावी लागते. टायर फुटून उलटलेल्या जीपच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये चालकाचा निष्काळजीपणा नसतानाही मालकाला जबाबदार धरले होते, आणि जे टायरला लागू झाले ते आज्ञावलीला लागू न होण्याचे कारण दिसत नाही.

खरी अडचण उत्पादकापाशी येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींनुसार रचनेतील दोषासाठी उत्पादक निष्काळजी नसला तरी जबाबदार ठरतो, परंतु ते दायित्व ग्राहकाला झालेल्या हानीपुरते आहे, आणि गाडीखाली सापडलेल्या पादचाऱ्याने ती ना विकत घेतलेली असते, ना वापरलेली.

अमेरिकेतील टेम्पी येथे मार्च २०१८ मध्ये उबरच्या चाचणी-मोटारीने एका पादचारी महिलेचा बळी घेतला, तेव्हा प्रणालीला ती धडकेपूर्वी ५.६ सेकंद आधी दिसली होती, पण तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी अन्य वस्तू ठरवण्यात वेळ गेला, हे राष्ट्रीय तपास यंत्रणेने नोंदी उलगडल्या म्हणूनच कळले. कोनमधील एखाद्या कुटुंबाने अशा नोंदी स्वतः मिळवाव्यात ही अपेक्षाच अन्यायाची आहे. ब्रिटनने २०१८ च्या कायद्यात स्वयंचलित वाहनाच्या अपघाताची भरपाई आधी विमा कंपनीने द्यावी आणि नंतर तिने ती उत्पादकाकडून वसूल करावी, अशी सोय केली. भारतातही पूर्ण भरपाईसाठी हाच क्रम हवा, आणि गाडीतील नोंदी न्यायाधिकरणापुढे ठेवण्याचे बंधन उत्पादकावर हवे.