पडद्यामागचा पाटकरी

सटाण्याकडच्या एका शिक्षकांनी मला मध्यंतरी एक प्रश्न विचारला. शाळेच्या संगणकावर ‘४ जीबी स्मृती’ अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. पण यंत्र सुरू करून पाहावे, तर आकडा साडेतीनच्याच आसपास दिसतो. ‘‘मग उरलेली अर्धी जीबी खाल्ली कोणी?’’ दुकानदाराने फसवले, असा त्यांचा पक्का ग्रह झाला होता.

श्रोतेहो, दुकानदार बिचारा निर्दोष आहे. त्या यंत्रात चित्रे काढणाऱ्या भागाला स्वतःची वेगळी स्मृती नाही. यंत्र सुरू होतानाच सामाईक स्मृतीतला एक तुकडा त्याच्यासाठी बाजूला काढला जातो. पुण्याच्या सी-डॅकमध्ये २०२० साली आलेल्या ‘परम सिद्धी-एआय’ या महासंगणकातल्या चित्रप्रक्रियकांना स्वतःची स्वतंत्र कोठारे आहेत. आपल्या घरच्या बहुतेक यंत्रांत मात्र एकाच कोठारातून सर्वांचे भागवावे लागते.

आता पडद्याला एवढे लागते तरी किती? १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा साधा पडदा घ्या. ठिपके झाले २०,७३,६००. प्रत्येकाच्या रंगासाठी चार बाइट धरले, तर ८२,९४,४०० बाइट, म्हणजे साधारण आठ एमबी. हे एका चित्राचे झाले. सेकंदाला साठ वेळा ते पडद्याकडे जायचे. शिवाय उघडलेल्या प्रत्येक खिडकीचे आपले चित्र वेगळे, आणि एक दिसत असताना दुसरे रंगवता यावे म्हणून त्याच्याही दोन-तीन प्रती! नकाशा किंवा चलच्चित्र उघडले, की हिशेब शेकडो एमबींवर जातो.

तेव्हा मागणारे पुष्कळ आणि कोठार एक. ही अडचण आपल्या नाशिक जिल्ह्याला नवी नाही. मोसम आणि आरम या नद्यांच्या काठी बागलाणात फड पद्धतीची शेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि गावची जमीन फडांत वाटलेली. पाणी कोणत्या फडाला केव्हा, हे गाव ठरवी आणि वाटपाचे काम पाटकरी करी. आपले शेत सुकते आहे म्हणून कोणी उठून पाट फोडायचा नाही. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्यातला चित्रविभागाचा ड्रायव्हर हा असाच पाटकरी आहे. (ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे बरं का, यंत्राच्या एका भागाशी बोलणारा कार्यक्रम.)

एखादा कार्यक्रम ड्रायव्हरकडे आठ एमबी मागतो. ड्रायव्हर त्याच्या हाती जागा देत नाही. एक क्रमांक देतो. या क्रमांकाला हँडल म्हणतात. खरी जागा पुष्कळदा तो कार्यक्रम तिला पहिल्यांदा हात लावतो तेव्हाच मिळते, आणि तीही सलग असेलच असे नाही. चार-चार हजार बाइटांची पाने कोठारात कोठेकोठे विखुरलेली असतात. ड्रायव्हर एक तक्ता लिहून ठेवतो, आणि त्या तक्त्यातून पाहणाऱ्या चित्रप्रक्रियकाला सारे सलग वाटते. क्रमांकाची खुबी ही, की जागा बदलली तरी क्रमांक तोच राहतो. टंचाई आली, की बराच वेळ ज्याला कोणी हात लावला नाही ते चित्र ड्रायव्हर हळूच दुसरीकडे हलवतो. मालकाला पत्ताही लागत नाही. हलवायचे नाही ते एकच, ज्याच्यावरून या क्षणी पडदा रंगतो आहे ते. ते खिळ्याने ठोकल्यासारखे जागीच ठेवतात.

फडाची उपमा येथे मात्र थांबते. शेतात मुरलेले पाणी परत येत नाही. स्मृती परत येते, आणि पहिल्या मालकाने लिहिलेले सारे अंगावर घेऊन येते! एका खिडकीत तुम्ही बँकेचा हिशेब पाहिलात, खिडकी मिटलीत, आणि तीच पाने दुसऱ्या कार्यक्रमाला तशीच मिळाली तर? म्हणून नव्या मालकाला देण्यापूर्वी पाने पुसून कोरी करावी लागतात. हा आळस परवडत नाही.

याहून अवघड प्रश्न आहे, परत कधी घ्यायचे हा. मुख्य प्रक्रियक चित्रप्रक्रियकाला काम सांगतो आणि पुढे निघून जातो. काम मागाहून होत राहते. त्यामुळे कार्यक्रम म्हणतो, ‘‘माझे झाले, जागा घ्या,’’ तेव्हा चित्रप्रक्रियक त्याच जागेवर अजून रंगवीत असू शकतो. यासाठी ‘फेन्स’ नावाची खूण असते. काम संपले की खूण उठते, तोवर ड्रायव्हर पानांना हात लावीत नाही. शिवाय त्या जागेचे किती जण वापरकर्ते आहेत, याची मोजदाद तो ठेवतो. एकाने सोडली की एक उणा. शून्यावर आले की जागा मोकळी.

एवढीशी मोजदाद, पण तिच्यात दोन्हीकडे खड्डे आहेत. एक उणा करायचा राहिला, तर ती जागा यंत्र बंद होईपर्यंत अडकून पडते. सकाळी चपळ असणारे यंत्र संध्याकाळी रडते आणि बंद करून सुरू केले की बरे होते, त्यामागे पुष्कळदा अशीच गळती असते. उलट, एक जास्त उणा झाला तर जागा वेळेआधी मोकळी होते. मग जुना कार्यक्रम नव्या मालकाच्या पानांवर लिहीत सुटतो. माझ्या मते गळतीपेक्षा हे शतपटीने वाईट. कारण गाभ्यातली अशी चूक हेरून पुऱ्या यंत्राचा ताबा घेता येतो.

लिनक्स या प्रणालीत ही सारी व्यवस्था गाभ्याकडे एकवटायला उशीरच झाला. इंटेलच्या किथ पॅकार्ड आणि एरिक अ‍ॅनहोल्ट यांनी रचलेली ‘जेम’ ही पद्धत डिसेंबर २००८ मध्ये २.६.२८ या आवृत्तीतून आली. स्वतंत्र कोठारे असलेल्या यंत्रांसाठी ‘टीटीएम’ ही दुसरी पद्धत २००९ साली आली. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र नक्कल न करता थेट पडद्याच्या ड्रायव्हरला वापरता यावे, ही सोय २०१२ मधली. तिचे काम सुमित सेमवाल या भारतीय अभियंत्याने केले.

शिक्षकांना मी सांगितले, की ती अर्धी जीबी पडद्याने आधीच राखून घेतली आहे, आणि तेवढ्याने भागले नाही तर ड्रायव्हर उरलेल्या साडेतीनमधूनही मागून घेतो. म्हणून दुकानदाराशी भांडण्यापूर्वी उघड्या खिडक्या मोजून पाहा. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला: जिल्ह्याचे सहा नकाशे एकाच वेळी उघडे होते; पाच मिटले, आणि यंत्र धावू लागले.