दफनभूमीतले कोळी

इलिनॉयला अमेरिकेत आजही ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात. बिरुद टिकलं, प्रेअरी गेली. १८२०च्या सुमारास या राज्यात सुमारे दोन कोटी वीस लाख एकर गवताळ माळ होता. १८३७ साली ग्रँड डिटूर गावात जॉन डिअरनं पोलादी नांगर घडवला. चिकट काळी माती फाळाला न चिकटता उलटू लागली आणि बघता बघता माळाची मक्याची शेतं झाली. १९७८च्या राज्यव्यापी पाहणीत चांगल्या अवस्थेतली प्रेअरी निघाली जेमतेम २,३०० एकर. त्यातले कितीतरी तुकडे रेल्वेरुळांच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींत, म्हणजे जिथे नांगर घालायची सोयच नव्हती तिथे. पॅक्स्टनची प्रॉस्पेक्ट दफनभूमी त्यातलीच, अवघी पाच एकर.

अशा तुकड्यांत कोळी गोळा करायचे तर आधी परवाना लागतो. मग डोक्याहून उंच ब्लूस्टेम गवतावरून कापडी जाळं सपासप फिरवायचं आणि तोंड आवळून आत डोकावायचं. गवताच्या कुसळांत नाकतोडे, ढेकण्या आणि फुलाचा पिवळा रंग अंगावर घेतलेला खेकडा कोळी. जमिनीवरच्यांसाठी पेले काठापर्यंत मातीत पुरतात. रात्री कपाळावर बॅटरी बांधून निघालं की लांडगा कोळ्यांचे डोळे हिरवट चमकतात. एखादीच्या पाठीवर पिल्लांचा ढीग असतो. आपल्याकडच्या सिग्नेचर कोळ्याचे तिथले भाऊबंदही भेटतात, जाळ्यात तीच नागमोडी पांढरी सही. पकडलेल्या कोळ्याच्या कुपीत टाकायची चिठ्ठी मात्र पेन्सिलीनं लिहायची, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. पिल्लं उचलण्यात फारसा अर्थ नसतो. बहुतेक जाती ओळखायला प्रौढ कोळ्याची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात.

राहिलेल्या माळावर झाडोरा चढू नये म्हणून तो मुद्दाम जाळतात. मूळ रहिवासी शतकानुशतकं हेच करत. विस्कॉन्सिनमध्ये १९३५पासून जुन्या शेतावर नव्यानं उभारलेल्या कर्टिस प्रेअरीत १९४०च्या दशकात आगीचे प्रयोग झाले, आणि आगीनं कोळ्यांचं काय होतं हेही त्याच राज्यात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तपासलं गेलं. पिल्लं रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर तरंगत येतात, तेव्हा बरेच कोळी परततात. पण येणार कुठून? चहूकडे मका आणि सोयाबीन. गवताच्या पाचोळ्यात थंडी काढणारे तर आगीतच जातात. मला विचाराल तर पाच एकरांचा तुकडा एका दमात पेटवणं हा अविचार आहे. निम्मा यंदा जाळावा, निम्मा पुढे कधीतरी.