मासिकात छापायचं की साइटवर?

मास कॉम करून बाहेर पडलेली मुलं हमखास विचारतात, 'मासिकात लिहू की ऑनलाइन?' छापील अंकाचा रुबाब वेगळाच. आपल्याकडे तर दिवाळी अंकाचा थाट १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनचा! पण मानधनाचा चेक कधीकधी अंक रद्दीत गेल्यावर येतो. ऑनलाइनवाले तुलनेनं लवकर देतात; मात्र लेख आज संध्याकाळीच हवा असतो आणि मथळा तुमचा राहत नाही.

मला विचाराल तर आधी करार वाचा, बॉस! १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फ्रीलान्सरच्या लेखाचा पहिला मालक तो स्वतः. (नोकरीत असाल तर गणित वेगळं.) हक्क द्यायचे तर लेखी, सही करून. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षंच धरतात. मासिकं बरेचदा काहीच लिहून घेत नाहीत. म्हणजे त्याच लेखांचं पुढे पुस्तक काढायला तुम्ही मोकळे. वेबसाइटच्या करारात मात्र 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असे शब्द हळूच बसलेले असतात. मी ते खोडून 'फक्त वेबसाइटसाठी, एक वर्ष' असं लिहून पाठवते. काही संपादक चक्क 'ओके' म्हणतात.